अभिजात आणि आधुनिक अमेरिकन कंट्री गीतांतील आशय : एक तुलनात्मक अभ्यास

सारांश

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण व कष्टकरी समाजातून उदयास आलेले कंट्री संगीत हे तेथील लोकजीवनाचे एक महत्त्वाचे साधन-दस्तऐवज मानले जाते. जुनी कंट्री गीते खरी आणि आजची गीते पोकळ, असे मत रसिक व समीक्षक यांच्याकडून वारंवार मांडले जाते. प्रस्तुत लेखात निवडक अभिजात गीतांचा आशय उलगडून त्यांची तुलना १९९० नंतरच्या गीतांशी केली आहे. दोन्ही काळांतील फरक केवळ खरे-खोटेपणाचा नसून गीतातील निवेदक, ग्रामजीवनाशी असलेले त्याचे नाते आणि गीत श्रोत्यापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था यांतील बदलाचा आहे, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : कंट्री संगीत, गीताशय, निवेदक, ग्रामजीवन, स्त्रीस्वर, उत्तर-गीत.

१. प्रस्तावना

कोणत्याही समाजाची गीते ही त्या समाजाच्या सुखदुःखाची नोंद असते. इतिहासाच्या ग्रंथांत ज्यांना स्थान मिळत नाही अशा खाणकामगार, शेतमजूर, कैदी, परित्यक्ता आणि स्थलांतरित यांचे जीवन अनेकदा गीतांतूनच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील कंट्री संगीत हे याचे ठळक उदाहरण होय. भारतीय श्रोत्यास हा संगीतप्रकार फारसा परिचित नसला, तरी त्यातील स्टील गिटारचा लांबविलेला, रडवा स्वर मात्र अनोळखी नाही. ज्या हवाईयन गिटारवर आपल्याकडे चित्रपटगीतांच्या धुना वाजविल्या गेल्या, त्याच वाद्यातून कंट्री संगीतातील स्टील गिटार विकसित झाली.

या संगीतात शब्दाला सर्वाधिक महत्त्व आहे. चाल साधी, स्वरसंगती मोजक्या आणि वाद्यमेळ मर्यादित ठेवून गोष्ट स्पष्टपणे ऐकू यावी, अशी त्याची मूळ घडण आहे. त्यामुळे कंट्री गीताचा अभ्यास हा प्रामुख्याने त्याच्या आशयाचा अभ्यास ठरतो. जुन्या गीतांच्या तुलनेत आजची गीते उथळ झाली आहेत, ही तक्रार या क्षेत्रात सातत्याने ऐकू येते. ती कितपत ग्राह्य आहे, याचा शोध घेणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१. कंट्री संगीताच्या उदयाची सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. निवडक अभिजात कंट्री गीतांच्या आशयाचे विवेचन करणे.
३. आधुनिक कंट्री गीतांतील बदलांची कारणे व स्वरूप शोधणे.
४. दोन्ही काळांतील गीतांची तुलना करून जुने व नवे यांविषयीच्या प्रचलित मताची चिकित्सा करणे.

३. व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत अभ्यासात वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. 'अभिजात' या संज्ञेत साधारणतः १९४५ ते १९८० या काळातील गीते, तर 'आधुनिक' या संज्ञेत १९९० नंतरची गीते गृहीत धरली आहेत. संगीतरचनेपेक्षा शब्दाशयावर भर दिला असून गीतांतील ओळी उद्धृत न करता त्यांचा आशय सांगितला आहे.

४. पार्श्वभूमी

कंट्री संगीताची मुळे ॲपलेशियन पर्वतराजीतील आणि दक्षिणेकडील राज्यांतील लोकसंगीतात आहेत. ब्रिटिश बेटांतून आलेल्या स्थलांतरितांची कथागीते व व्हायोलिनवादन, चर्चमधील भक्तिगीते आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांचे ब्लूज यांच्या मिश्रणातून ते घडले. या संगीताचे ओळखचिन्ह मानला जाणारा बँजो हा मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून आलेला आहे. तथापि, १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी गोऱ्या ग्रामीण गायकांच्या व कृष्णवर्णीय गायकांच्या मुद्रिका वेगवेगळ्या नावांनी विकण्यास प्रारंभ केला. एका मिश्र परंपरेची ही वर्णानुसार केलेली विभागणी पुढे दीर्घकाळ टिकली.

१९२५ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे एका विमा कंपनीच्या मालकीच्या डब्ल्यूएसएम या नभोवाणी केंद्रावरून जो कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने प्रसिद्धीस आला. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर यांनी टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी स्थानिक गायकांचे ध्वनिमुद्रण केले. कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे तेथेच झाली. कार्टर कुटुंबाने घर, भक्ती व मृत्यू या विषयांची, तर रॉजर्स यांनी भटकंती, रेल्वे व बेफिकिरी या विषयांची परंपरा निर्माण केली. घराची ओढ आणि घर सोडण्याची ओढ हे कंट्री गीताचे दोन ध्रुव तेव्हापासूनच अस्तित्वात आहेत.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. हे संगीत व्यापारापासून कधीही अलिप्त नव्हते. विम्याची, पिठाची, औषधांची जाहिरात करणाऱ्या कार्यक्रमांतूनच ते घरोघरी पोहोचले. त्यामुळे पूर्वीचे संगीत निर्व्यापार व शुद्ध होते आणि पुढे बाजाराने ते बिघडविले, ही मांडणी वस्तुस्थितीस धरून नाही.

५. अभिजात गीतांचा आशय

५.१ श्रम आणि कर्ज : मर्ल ट्रॅव्हिस यांनी १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले आणि १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या आवाजात लोकप्रिय झालेले 'सिक्स्टीन टन्स' हे गीत समजण्यासाठी कोळसाखाणींतील एक प्रथा माहीत असावी लागते. ट्रॅव्हिस हे केंटकी राज्यातील खाणकामगार कुटुंबात वाढलेले होते. खाणमालक कामगारांना अनेक ठिकाणी रोख पगाराऐवजी कंपनीचे चलन देत असत. हे चलन केवळ कंपनीच्या दुकानातच चालत असे. दुकानातील भाव कंपनी ठरवी, उधारीही कंपनीच देई आणि राहण्याची खोलीही कंपनीचीच असे. परिणामी कामगार जितका राबे तितका तो अधिक कर्जात बुडे. गीतातील कामगार दिवसभरात सोळा टन कोळसा भरतो आणि त्याच्या वाट्याला वाढलेले वय व वाढलेले देणे एवढेच येते. मृत्यूचे बोलावणे आले तरी जाता येणार नाही, कारण आपला आत्माच दुकानाकडे गहाण पडला आहे, ही त्यातील कल्पना वरवर विनोदी वाटते. प्रत्यक्षात ती वेठबिगारीची नेमकी व्याख्या आहे. सावकाराच्या वहीत पिढ्यान्पिढ्या अडकलेल्या कुळाची कहाणी ज्या समाजाला माहीत आहे, त्याला या कल्पनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गीतात कोठेही घोषणा नाही, मागणी नाही. व्यवस्थेचे गणित फक्त मांडलेले आहे आणि ते गणितच आरोपपत्र ठरते.

५.२ एकाकीपणा : हँक विल्यम्स यांचा जन्म १९२३ मध्ये अलाबामा राज्यात झाला आणि १ जानेवारी १९५३ रोजी वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे 'आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय' हे १९४९ मधील गीत प्रतिमांच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. रातव्याच्या कुळातील एका पक्ष्याचा उदास स्वर, मध्यरात्री दूरवरून ऐकू येणारी आगगाडी, ढगाआड गेलेला चंद्र, पानगळ पाहणारा रॉबिन पक्षी आणि निःशब्द निखळणारा तारा अशी प्रतिमांची मालिका त्यात येते. एकाकीपणाचे कारण मात्र जवळजवळ सांगितलेलेच नाही. कोण सोडून गेले, का गेले, कधी गेले, याचा तपशील मिळत नाही. एक 'तू' गीताच्या अखेरीस ओझरता येतो, एवढेच. व्यक्तीचे दुःख निसर्गावर आरोपित करण्याचे तंत्र मराठी काव्यवाचकास परिचित आहे. येथील विशेष असा की, प्रत्येक प्रतिमा खेड्यातील रात्री जागा असलेला कोणीही माणूस ऐकू वा पाहू शकेल अशीच आहे. पुस्तकी उपमा एकही नाही. त्यामुळे अल्पशिक्षित श्रोत्यालाही हे काव्य आपले वाटले.

५.३ गरिबी आणि आत्मसन्मान : लोरेटा लिन यांचे १९७० मधील 'कोल मायनर्स डॉटर' आणि डॉली पार्टन यांचे १९७१ मधील 'कोट ऑफ मेनी कलर्स' ही दोन्ही गीते आत्मचरित्रात्मक आहेत. लिन यांच्या गीतात रात्री खाणीत व दिवसा शेतात राबणारे वडील, कपडे धुताना हातांतून रक्त येणारी आई, उन्हाळ्यात अनवाणी फिरणारी भावंडे आणि डुक्कर विकून आलेल्या पैशांतून हिवाळ्यासाठी मागविलेले जोडे असे नेमके तपशील येतात. पार्टन यांच्या गीतात आई चिंध्या जोडून मुलीसाठी कोट शिवते आणि शिवताना बायबलमधील योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याची कथा सांगते. मुलगी अभिमानाने शाळेत जाते, तेव्हा इतर मुले तिला हसतात. येथे गीताचे वर्म आहे. मुलीला कोटाची लाज वाटत नाही. मुले का हसतात हेच तिला उमगत नाही. गरिबी ही वस्तूंची उणीव आहे की पाहणाऱ्याच्या नजरेतील दोष आहे, हा प्रश्न गीत एका लहान प्रसंगातून उभा करते. दोन्ही गीतांत गरिबीचे उदात्तीकरण आहे, असा आक्षेप घेता येईल. तथापि, रक्ताळलेले हात व मुलांचे हसणे या तपशिलांमुळे ते उदात्तीकरण भाबडे राहत नाही.

५.४ अपराध आणि जबाबदारी : जॉनी कॅश यांच्या 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' या १९५५ मधील गीताचा निवेदक खुनाबद्दल शिक्षा भोगणारा कैदी आहे. तुरुंगाजवळून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज त्याला छळतो, कारण आतील माणसे जात राहतात आणि तो तेथेच राहतो. मर्ल हॅगार्ड यांच्या 'मामा ट्राइड' या १९६८ मधील गीतातील कैदी आपल्या अधोगतीचा दोष आईला देत नाही. तिने प्रयत्न केला होता, चूक आपली आहे, असे तो सांगतो. या दोन गीतांच्या निमित्ताने सत्यतेचा प्रश्न तपासता येतो. हॅगार्ड यांनी सॅन क्वेंटिन तुरुंगात खरोखर शिक्षा भोगली होती, परंतु गीतातील कैद्याप्रमाणे ती आजन्म कारावासाची नव्हती. कॅश यांनी तर कधीही दीर्घ तुरुंगवास भोगला नाही. अमेरिकन हवाई दलात जर्मनीमध्ये नोकरीस असताना फॉल्सम तुरुंगावरील एक चित्रपट पाहून त्यांना हे गीत सुचले आणि त्यातील बराच भाग गॉर्डन जेंकिन्स यांच्या एका पूर्वीच्या रचनेवर आधारलेला होता. तरीही १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सम तुरुंगातील कैद्यांसमोर त्यांनी ते गायिले, तेव्हा झालेले ध्वनिमुद्रण या संगीताच्या इतिहासात अजरामर ठरले. यावरून असे म्हणता येईल की, कंट्री गीतातील सत्य हे गायकाच्या चरित्राचे सत्य नसून निवेदकाच्या अवस्थेचे सत्य असते.

५.५ स्त्रीचा प्रत्युत्तरी स्वर : १९५२ मध्ये हँक थॉम्पसन यांचे एक गीत लोकप्रिय झाले. त्यात संसार सोडून गुत्त्यांच्या झगमगाटाकडे परतलेल्या स्त्रीला दोष दिला होता. त्याच वर्षी किटी वेल्स यांनी त्याच चालीवर 'इट वॉज्न्ट गॉड हू मेड होंकी टोंक एंजल्स' हे उत्तर-गीत गायिले. अशा स्त्रिया देवाने घडविलेल्या नाहीत. विवाहित असूनही अविवाहित म्हणून मिरवणाऱ्या पुरुषांनी त्यांना या वाटेवर आणले, असा त्याचा आशय आहे. तमाशातील सवाल-जवाबाची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. या गीतामुळे बिलबोर्ड नियतकालिकाच्या कंट्री यादीत प्रथम क्रमांक मिळविणाऱ्या वेल्स या पहिल्या एकल गायिका ठरल्या. पुढे लोरेटा लिन यांनी गर्भनिरोधक गोळीविषयी 'द पिल' हे गीत १९७५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक नभोवाणी केंद्रांनी ते वाजविण्यास नकार दिला. जुने कंट्री संगीत सनातनी होते, या समजाला अशा गीतांनी छेद दिला आहे.

५.६ प्रेम आणि मृत्यू : जॉर्ज जोन्स यांनी १९८० मध्ये गायिलेले, बॉबी ब्रॅडॉक व कर्ली पुटमन यांनी लिहिलेले 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे गीत अनेक समीक्षकांच्या मते कंट्री गीतलेखनाचा कळस होय. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असे एक माणूस आपल्याला सोडून गेलेल्या स्त्रीला सांगतो. तिचे छायाचित्र भिंतीवर आहे, जुनी पत्रे जपलेली आहेत. कथा त्याचा एक परिचित सांगतो. त्याने आज तिच्यावर प्रेम करणे थांबविले, हे विधान प्रथम ऐकताना तो अखेर सावरला असे वाटते. दारावर लावलेल्या पुष्पचक्राचा उल्लेख येताच तो मरण पावला आहे, हे कळते. एकाच वाक्याचा अर्थ संदर्भाने पूर्णतः उलटतो आणि हे गीतकारांनी एकाही अवघड शब्दाविना साधले आहे. ती स्त्री त्याला शेवटचे पाहण्यासाठी येते, परंतु तिच्या मनात काय चालले आहे, हे गीत सांगत नाही. हा न सांगितलेला भाग श्रोत्यासाठी राखून ठेवलेला आहे.

६. बदलाची कारणे

अभिजात गीतांकडून आधुनिक गीतांकडे झालेला प्रवास पुढील कारणांनी घडला.

प्रथम कारण लोकवस्तीतील बदल हे आहे. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेतील नागरी लोकसंख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली आणि २०२० मध्ये ती सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचली. हँक विल्यम्स यांच्या अनेक श्रोत्यांसाठी खेडे हे राहण्याचे वा नुकतेच सोडलेले ठिकाण होते. आजच्या बहुसंख्य श्रोत्यांसाठी ते आठवणीतील वा कल्पनेतील ठिकाण आहे.

दुसरे कारण बाजारपेठेचे मोजमाप हे होय. १९९१ मध्ये मुद्रिकांच्या प्रत्यक्ष विक्रीची संगणकीय नोंद बिलबोर्डच्या यादीसाठी वापरली जाऊ लागली आणि कंट्री संगीताचा खप पूर्वीच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी गार्थ ब्रुक्स यांचा 'रोपिन द विंड' हा संग्रह सर्व प्रकारच्या संगीताच्या यादीत थेट प्रथम क्रमांकावर दाखल झाला. मोठ्या क्रीडांगणांतील कार्यक्रमांना साजेशी गीते हवी असल्याने रॉक संगीताचा प्रभाव वाढला.

तिसरे कारण नभोवाणीचे केंद्रीकरण आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा काढून टाकली. काही वर्षांतच एकाच कंपनीच्या ताब्यात एक हजाराहून अधिक केंद्रे गेली. स्थानिक निवेदकाची आवड मागे पडली आणि सर्वत्र तीच मोजकी गीते वाजू लागली. एका गायिकेमागोमाग दुसरी गायिका वाजवू नये, असा संकेतही या व्यवस्थेत रुजला. २०१५ मध्ये एका नभोवाणी सल्लागाराने गायिकांची तुलना कोशिंबिरीतील टोमॅटोशी केली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला.

७. आधुनिक गीतांचे स्वरूप

२०१२ मध्ये फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे 'क्रूझ' हे गीत आले आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते २४ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले. मोठी पिकअप गाडी, गावाकडचा रस्ता, उन्हाळा आणि सुंदर तरुणी ही त्यातील सामग्री आहे. या धर्तीच्या गीतांना २०१३ मध्ये समीक्षक जोडी रोझेन यांनी 'ब्रो-कंट्री' असे नाव दिले. या गीतांत प्रसंग घडत नाही; खुणा मोजल्या जातात. गाडी, बूट, मातीचा रस्ता, थंड बिअर या वस्तू आपण गावाकडचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी येतात. लोरेटा लिन यांच्या गीतातील जोडेही एक वस्तूच आहेत, परंतु ते कोठून आले, त्यासाठी काय विकावे लागले, हे तेथे सांगितले जाते. वस्तूमागील व्यवहार गेला की वस्तू केवळ ओळखपत्र उरते. अभिजात व आधुनिक यांतील एक महत्त्वाचा भेद येथे स्पष्ट होतो.

तथापि, या प्रवाहाला उत्तरही कंट्री संगीतातूनच मिळाले. २०१४ मध्ये मॅडी अँड टे या तरुण गायिकांनी 'गर्ल इन अ कंट्री साँग' हे गीत सादर केले. गीतांत आपल्याला नाव नाही, बोलणे नाही, फक्त तोकडे कपडे घालून गाडीवर बसण्याचे काम आहे, अशी त्यातील मुलीची तक्रार आहे. किटी वेल्स यांच्या १९५२ मधील उत्तर-गीताचीच ही परंपरा आहे. साठ वर्षांनंतरही स्त्रीला तोच जबाब द्यावा लागला, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

केसी मस्ग्रेव्हज यांचे 'मेरी गो राउंड' हे २०१२ मधील गीत तर अभिजात परंपरेतील श्लेषाच्या तोडीचे आहे. जत्रेतील चक्री पाळणा, विवाह करणे, मेरी हे स्त्रीनाम, त्या नावाने सुरू होणारी सौंदर्यप्रसाधनांची विक्री आणि गांजाचे बोलीतील नाव या सर्वांत एकच ध्वनी खेळविला आहे. लहान गावातील माणसे लवकर लग्न करतात, सवयीने चर्चमध्ये जातात आणि आपापल्या व्यसनात गुंतून त्याच चक्रात फिरत राहतात, असे त्यातून सूचित होते. खेडे हे येथे सुखाचे आगर नाही; सुटका नसलेली जागा आहे. त्याच वर्षी 'क्रूझ' गाजत असताना हे गीतही आले, हे लक्षात घेतले पाहिजे.

श्रमाचा विषयही संपलेला नाही. २०२३ मध्ये व्हर्जिनियातील ऑलिव्हर अँथनी या तोपर्यंत अपरिचित गायकाचे 'रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड' हे गीत बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत प्रथम क्रमांकावर दाखल झाले. अल्प मजुरी, कर आणि राजधानीतील सत्ताधारी यांच्याविरुद्धचा संताप त्यात आहे. परंतु 'सिक्स्टीन टन्स'शी तुलना करता फरक जाणवतो. ट्रॅव्हिस यांचा कामगार शोषणाची यंत्रणा दाखवितो. अँथनी यांच्या गीतात शोषक दूरचा व अस्पष्ट आहे आणि संतापाचा काही भाग सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांकडेही वळतो. संताप खरा आहे, पण त्याचा रोख विखुरला आहे.

८. एकाच गीताची दोन रूपे

तुलनेसाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे एकच गीत दोन काळांत गायिले जाणे. डॉली पार्टन यांच्या 'जोलीन' या १९७३ मधील गीतात एक स्त्री आपल्या प्रतिस्पर्धी स्त्रीला विनविते. ती तिला शिव्या देत नाही. उलट तिच्या रूपाची मनापासून स्तुती करते आणि केवळ शक्य आहे म्हणून माझा पुरुष नेऊ नकोस, असे सांगते. जोलीन काय उत्तर देते, हे कळत नाही. गीताचे सामर्थ्य निवेदिकेच्या असहायतेत आहे. बियॉन्से यांनी २०२४ मधील 'काउबॉय कार्टर' या संग्रहात हेच गीत शब्द बदलून गायिले. त्यात विनंतीच्या जागी इशारा आला आहे. निवेदिका स्वतःच्या संसाराविषयी ठाम आहे.

या बदलाचे दोन अर्थ लावता येतात. स्त्रीने हतबल राहू नये, हा आजच्या काळाचा आग्रह त्यात आहे आणि तो स्वागतार्ह आहे. त्याच वेळी, पराभवाची शक्यता उघडपणे मान्य करण्याचे जे धाडस मूळ गीतात होते, ते नव्या रूपात उरत नाही. आधुनिक गीताचा निवेदक बहुधा जिंकलेला असतो. अभिजात गीताचा निवेदक बहुधा हरलेला असतो. मात्र बियॉन्से यांच्या या संग्रहाने वेगळेच एक वर्तुळ पूर्ण केले. त्यामुळे बिलबोर्डच्या कंट्री संग्रहांच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. बँजो देणाऱ्या समाजाला हे स्थान मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दुसरे उदाहरण ट्रेसी चॅपमन यांच्या 'फास्ट कार' या १९८८ मधील गीताचे आहे. दारिद्र्यातून निसटू पाहणाऱ्या स्त्रीची ही कथा मूळची कंट्री गीत म्हणून ओळखली गेली नव्हती. ल्यूक कोम्ब्स यांनी २०२३ मध्ये ती गायिली, तेव्हा निवेदिका स्त्री असल्याचे दर्शविणारे शब्दही त्यांनी बदलले नाहीत. त्याच वर्षी चॅपमन यांना कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. त्या हा सन्मान मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार होत. या गीतातही एक गाडी आहे. परंतु ती मिरविण्याची नसून निसटण्याची आहे आणि शेवटी निसटणे घडत नाही. आधुनिक श्रोत्याला गोष्ट ऐकण्याची भूक राहिलेली नाही, हा समज या गीताच्या लोकप्रियतेने खोटा ठरविला.

९. तुलनेतील दक्षता

जुन्या-नव्याची तुलना करताना एक दोष हमखास घडतो. जुन्या काळातील निवडक उत्तम गीते नव्या काळातील सर्वसाधारण गीतांसमोर ठेवली जातात. १९५० च्या दशकातही ठोकळेबाज गीते विपुल होती. काळाने ती गाळून टाकली. आजची गाळणी अद्याप पूर्ण झालेली नाही. तसेच ऱ्हासाची तक्रारही नवी नाही. १९७४ मध्ये पॉप शैलीत गाणाऱ्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना कंट्री गायिकेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा पारंपरिक गायकांनी निषेध म्हणून स्वतंत्र संघटना स्थापन केली. २००० मध्ये जॉर्ज स्ट्रेट व ॲलन जॅक्सन यांनी गायिलेल्या 'मर्डर ऑन म्युझिक रो' या गीतात परंपरेचा खूनच झाल्याचे रूपक आहे. ज्या काळाला आज अनेकजण सुवर्णकाळ म्हणतात, त्याच काळातील लोक ऱ्हास झाला म्हणून हळहळत होते.

१०. निष्कर्ष

१. अभिजात कंट्री गीतांचे सामर्थ्य नेमका तपशील, प्रसंगाची मांडणी आणि न सांगितलेल्या भागावरील विश्वास यांत आहे.
२. कंट्री गीताचे सत्य गायकाच्या चरित्रावर अवलंबून नसून निवेदकाच्या अवस्थेवर अवलंबून असते.
३. ग्रामजीवन हे अभिजात गीतांत जगण्याचे वास्तव होते. आधुनिक व्यापारी गीतांत ते बहुतांशी ओळखीचे चिन्ह झाले आहे. नागरीकरण, बाजाराचा विस्तार आणि नभोवाणीचे केंद्रीकरण ही याची प्रमुख कारणे आहेत.
४. व्यापार हा या संगीताचा प्रारंभापासूनचा सोबती आहे. बदलले ते व्यापाराचे प्रमाण व त्याचे केंद्रीकरण.
५. गोष्ट सांगण्याची व उत्तर देण्याची परंपरा खंडित झालेली नाही. मस्ग्रेव्हज, मॅडी अँड टे यांची गीते त्याची साक्ष देतात.
६. वंश व लिंग यांच्या आधारे कोणाचा आवाज कंट्री मानायचा, हा प्रश्न १९२० च्या दशकापासून आजपर्यंत कायम आहे. त्याचे उत्तर आता काही अंशी बदलू लागले आहे.

एकंदरीत, जुने तेवढे सोने आणि नवे तेवढे पितळ, ही विभागणी अभ्यासाच्या कसोटीस उतरत नाही. गीत कोणत्या वर्षी लिहिले गेले यापेक्षा, त्यात येणाऱ्या माणसाच्या जोड्यांची किंमत गीतकाराला ठाऊक आहे किंवा नाही, हाच गीत पारखण्याचा अधिक विश्वासार्ह निकष ठरतो.